मुखाकडची पाळी

शर्वाणीनं हवेचा काटा चौथ्यांदा पाहिला. ती होती त्या टोकाच्या खोलीत हवा भरभरून येत होती, आणि पुरवठ्याच्या मुखाकडच्या यंत्रघरात अडकलेल्या तिच्या नवऱ्याची, निशिकांतची, झडप मात्र घट्ट बंद! हादऱ्यानं चांद्रतळाचा मधला बोळ फुटला होता, प्राणवायूचा पुरवठा निम्म्यावर आला होता. हवा वाटायचं काम आता तिनंच लिहिलेल्या 'वाटपघटक' या संगणक-आज्ञावलीकडे होतं. निशिकांतकडे उरली होती वीस मिनिटांची हवा.

हा घटक तिनं नऊ वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्यासाठी लिहिलेला. चंद्रावर आणताना त्यातली एक ओळही बदलली नव्हती, फक्त वर एक 'जोडचौकट' बसवली, झडपा आणि कळा घटकाशी जोडणारी. घटकाला कळतं ते मुख, टोक, झडप आणि पाळी: आधी शेवटच्या टोकाला, मग सरकत मुखाकडे. पलीकडे पाणी आहे की हवा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. केवढा तोरा होता तिला त्याचा! कुणी दांडगाईनं जास्त हवा ओढू नये म्हणून तो मोहोरबंद करायचा, कुणालाच, अगदी तिलाही, बदलता येऊ नये असा, हट्टही तिचाच.

तिनं पृथ्वीवर रासकरांना गाठलं. निवृत्त कालवा निरीक्षक. पाणीवाटपाचे नियम तिला त्यांनीच शिकवले होते.

"काका, टोकाला आधी देताना मुखाकडचं पार बंद का ठेवायचं?"

उत्तर यायला तीन सेकंद लागले.

"बंद कुठलं, ताई? पाट बांधाशेजारून वाहतो. पाझर मिळतोच की त्याला."

"मग हे मला सांगितलं का नाहीत?"

"आता हे काय सांगायचं? शेंबड्या पोराला ठाऊक असतं!"

नळीला कुठला आलाय पाझर! शर्वाणीनं कपाळावर हात मारला.

"बरं, टोकाची पाळी लवकर संपवायची कशी?"

"टोकाचा माणूस 'पोचलं' म्हणाला, की सरकते पुढं."

मधल्या खोल्या रिकाम्याच होत्या, म्हणजे पाळी थेट मुखाकडे जाणार. तिची टाकी पावसुद्धा भरली नव्हती. पण निशिकांतचं भरलं की तो 'पोचलं' म्हणेल, मग आपण घेऊ, असा विचार करून तिनं 'पोचलं'ची कळ दाबली. तिची झडप मिटली.

"आली! आली गं हवा!" निशिकांत ओरडला. शर्वाणीला हुंदका आवरेना.

तासाभरात त्याची टाकी काठोकाठ भरली. "मला पुरे. आता तू घे."

मुखाच्या पाळीचे अजून पाच तास बाकी होते. तिच्याकडे हवा दोन तासांची. तिनं जोडचौकट वरपासून खालपर्यंत चाळली, पुन्हा चाळली. 'पोचलं' म्हणायची सोय फक्त टोकाला होती.

"काका, मुखाकडचा पुरे म्हणाला तर?"

तीन सेकंद गेले. मग रासकर चक्क हसले. इथं काय चाललंय, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

"मुखाकडचा? आणि पुरे म्हणतोय? चाळीस वर्षं कालव्यावर काढली, ताई, असा एकही भेटला नाही. म्हणून तर ती सोय ठेवायला सांगितली नाही तुम्हाला."

दुसऱ्या कानात निशिकांत चिडून ओरडत होता, "अगं, पुरे म्हणतोय ना मी! घे की!"