चार मिनिटं थांबा, मॅडम

गाडी बंद पडली तेव्हा कोसमटोल्यात धक्का मारायला माणूसच नव्हतं. भादव्याचे दिवस. निंदणासाठी सगळं गाव धानाच्या बांध्यांत उतरलेलं, आणि शाळेच्या ओसरीत उरले होते ते दोन म्हातारे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करणारी ती गाडी धानोऱ्याकडून सकाळीच आली होती. रक्ताचे नमुने थंड ठेवायची पेटी, यंत्र, दिवा असं सगळं दिवसभर गाडीच्याच बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी होती जुनी. संध्याकाळी गाडीचे चालक श्रीहरीभाऊंनी किल्ली फिरवली. कट्ट... कट्ट... आणि गप्प.

"सत्यशीला, आज मुक्काम इथीच दिसते," भाऊ म्हणाले.

सत्यशीला रामटेके त्या गाडीवरची तपासनीस. सिंदेवाहीची, चोवीस वर्षांची. पेटीतल्या एकोणतीस नमुन्यांच्या काळजीनं ती छत्री घेऊन खाली उतरली, तोच बारीक पावसातून एक तरुण आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत जेवणाच्या डब्याएवढा डबा, डब्याला दोन जाड वायरी.

"मी दसरू कुमरे. सोलरचे पंप दुरुस्त करतो. बोनेट उघडा, भाऊ."

त्यानं वायरींचे चिमटे बॅटरीला लावले. सत्यशीलानं त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

"माह्यावर नाई... डब्यावर धरा. मी वाळतो, तो नाई वाळत."

ती हसली. छत्री सरकवली. "यात काय आहे?"

"सहा कपॅसिटर. थकली तरी बॅटरीत जीव राहते, मॅडम. पण एकदम जोर काढणं तिले जमत नाई. हा डबा तिच्याकडून थोडं थोडं घेते, अन् मग एका झटक्यात देऊन टाकते."

"मग लावू किल्ली?"

"चार मिनिटं थांबा."

"चार मिनिटांत काय होते?"

"तुमच्या गावाचं नाव सांगून होते."

"सिंदेवाही."

"आता साडेतीन राह्यले," तो गंभीरपणे म्हणाला, आणि केसांतलं पाणी झटकताना त्याची नजर क्षणभर तिच्यावर थांबली.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. परतताना श्रीहरीभाऊ धान कसं आहे, रस्ता कसा आहे यावर बोलत राहिले. सत्यशीलाला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

त्यानंतर गाडी दर पंधरा दिवसांनी त्या बाजूला जायची, आणि दरवेळी कोसमटोल्यातच तिची बॅटरी बसायची. फोन केला की दसरू यायचा. चार मिनिटं बोनेटपाशी दोघं उभी राहायची. कधी तो कुड्याच्या पानात बांधून सीताफळ आणायचा. कधी ती त्याला सिंदेवाहीच्या बाजाराच्या गमती सांगायची. आयटीआयला असताना वसतिगृहाची सगळी घड्याळं खोलून ठेवल्याबद्दल मिळालेली शिक्षा त्यानं तिला अगदी रंगवून सांगितली. एकदा चिमटे लावण्याआधी तो गाडीत डोकावला. पुढचे दोन्ही दिवे सुरू होते... भरदुपारी. त्यानं बटण बंद केलं. सत्यशीलाचे कान तापले.

"भाऊ विसरले असतील," ती म्हणाली.

"हाव. भाऊच," तो म्हणाला. "पुढच्या वेळी भाऊले म्हणा, दिवे नका जाळू. मी तसाबी येतो."

एक गोष्ट मात्र सत्यशीला चार महिने टाळत होती. गावात शिरलं की लग्न व्हायच्या पोरापोरींना ती आधी गाठायची, बोट पुढे करायला लावायची. दसरूला तिनं कधी विचारलंच नव्हतं. मागच्या तपासणीच्या वेळी तो शिकायला बाहेर होता, एवढं तिला ठाऊक होतं. स्वतःचं तिला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. ती वाहक होती. तिला काही त्रास नव्हता; पण वाहकानं वाहकाशी लग्न केलं तर चारातलं एक लेकरू तिच्या भावासारखं हा आजार घेऊन जन्मू शकतं. तो भाऊ, राजदीप, एकोणिसाव्या वर्षी गेला होता.

पौषातल्या एका सकाळी रांगेत सगळ्यात शेवटी दसरू उभा होता. स्वच्छ सदरा, तेल लावलेले केस.

"तू काऊन आला?"

"सगळ्या गावचा हात धरून झाला तुमचा. माह्याच राह्यला."

तिनं त्याचं बोट धरलं, सुई टोचली. थेंब नळीत पडला. मग पाच मिनिटं तिनं टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. नळीमागच्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघा असतात. रक्त चांगलं असलं तर त्या नळीतून आरपार दिसतात. सत्यशीलानं नळी उचलली. उजेडाकडे धरली. पुन्हा धरली... रेघा दिसत नव्हत्या.

गडचिरोलीहून पक्का अहवाल यायला आठ दिवस लागले. वाहक.

तिनं तो स्वतःच नेऊन दिला. तलावाच्या पाळीवर दोघं बसली. अहवाल वाचून दसरूनं त्याची बारीक घडी घातली.

"अन् तुमचं?"

"तेच."

त्यानं घडी घातलेला कागद खिशात ठेवला. मग म्हणाला, "मले लेकरं नाई पायजे. तू पायजे." पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता.

"आज नाई पायजे, दसरू. तू शाळेसमोरून जाते तर दहा पोरं तुह्या पाठीवर लटकतात. मी पाह्यलं आहे."

"नागपूरले लेकरू पोटात असतानाच तपासतात म्हणते."

"तपासतात." तिनं पाळीवरचा खडा उचलून मुठीत धरला. "थंडीत हाडं ठणकली की राजदीप उशी चावायचा. आम्हाले ऐकू येऊ नये म्हणून. माय अजून म्हणते, माह्याच रक्तातून त्याचं दुखणं आलं. ते दुखणं मी कोणाले देऊ शकत नाई... अन् पोटातल्या लेकराले ते आहे म्हणून समजलं, अन् मी नको म्हणलं, तर ते राजदीपलेच नको म्हणल्यासारखं होईल. तेही नाई जमायचं मले."

त्यानं तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

"गावोगाव फिरून लोकांले सांगतो आपण, एकमेकांले पसंत केलं तरी रक्त पाहा," ती म्हणाली. "तेव्हा इतकं सोपं वाटते न सांगायले."

"माह्यावर जीव आहे का तुह्या? एवढं सांग फक्त."

"दिवे मीच लावून ठेवायची," सत्यशीला म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा आली तेव्हा दसरू आधीच शाळेपाशी थांबला होता. त्यानं नवा डबा बनवला होता, लोखंडी पेटीत बसवलेला. दुपारभर गाडीखाली शिरून त्यानं तो बॅटरीशेजारी नटबोल्टनं पक्का केला. मग तिला पुढच्या सीटवर बसवून एक लाल बटण दाखवलं.

"बॅटरी बसली तर हे दाबायचं. चार मिनिटं थांबायचं, मग किल्ली. आता कोणाले फोन करायचं काम नाई."

"तूच मले हे शिकवून राह्यला?"

तो पुन्हा खाली वाकला आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट पान्यानं आवळत राहिला. श्रीहरीभाऊ लांब जाऊन विडी ओढत उभे राहिले. त्या दिवसानंतर सत्यशीलानं वरिष्ठांना सांगून कोसमटोल्याची फेरी दुसऱ्या गाडीला देऊन टाकली.

वर्ष उलटलं. पुढच्या फाल्गुनात, दुसऱ्याच एका गावातल्या तपासणीत एक पोरगी तिच्यापुढे येऊन बसली. मंगली उसेंडी. डोळ्यांत हसू, नखांत हळद.

"मॅडम, माह्यं जुळून राह्यलं. कोसमटोल्याच्या पंपवाल्या पोरासोबत. त्यानं म्हणलं, आधी सत्यशीला मॅडमकडं रक्त दाखव, मग बोलू. त्या सांगतील ते खरं."

सत्यशीलानं सुई उचलली. बोट पुसलं, टोचलं, थेंब घेतला. पाच मिनिटं मंगली कापूस दाबून बसली आणि ती नळीकडे बघत बसली. रेघा एक एक करून स्पष्ट दिसत होत्या.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "काही अडचण नाई. पक्का कागद येईल आठ दिवसांत."

मंगलीनं सुस्कारा सोडला. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तो कसा आहे वो मॅडम? तुमी ओळखता म्हणे त्याले."

बाहेर मोहाची फुलं वेचून परतणाऱ्या बायांचा आवाज जवळ येत होता. सत्यशीलानं मंगलीच्या बोटावरचा कापूस काढला, नवा ठेवला.

"चांगला आहे. कामात असला की जेवायचं विसरते. भूक लागली तरी तोंडानं सांगत नाई. तूच विचारत जाय."

मंगलीनं मान हलवली. मग सत्यशीलाच्या बोटांकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमचे हात किती थंडे आहेत वो."

"सकाळपासून पाण्यातच आहेत न," सत्यशीला म्हणाली, आणि तिनं चिठ्ठीवर मंगलीचं पूर्ण नाव लिहायला घेतलं.