शेवटचा आकडा

लिएन मावशीचा संगणक सुरू होत नव्हता. बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा. रोग मी लगेच ओळखला. संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी जागी होते ती आतली एक नखाएवढी चिप. ती हजेरी घेते: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का. ज्या डिस्कवर विंडोज असेल तिच्या हाती किल्ल्या देते आणि स्वतः बाजूला होते. मावशीच्या पेटीतली हीच चिप बिघडली होती. तिच्यातला मजकूर नव्याने भरला की काम झालं.

"पण त्याचं काही पुसू नकोस हं, आ-शेंग," मावशी म्हणाली होती. "योंग-शुन आला की आधी हेच उघडेल."

योंग-शुन तिचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी त्याची मासेमारीची बोट कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. पंचांगातल्या सातव्या महिन्यात मृतात्मे पाहुणे होऊन जेवायला येतात, म्हणून आमच्या चीलुंग बंदरात समुद्रात बुडालेल्यांसाठी दारोदार ताटं मांडतात. मावशी मांडत नाही. "जिवंत माणसाला कोणी उदबत्ती लावतं का?" एवढंच विचारते.

त्या दुपारी आम्हालाही ताट मांडायचं होतं. माझं दुरुस्तीचं दुकान म्हणजे नुसता बोळ, म्हणून बायकोने, गुइ-फेनने, माझं कामाचं टेबलच दारात ओढलं. वर मावशीची उघडी पेटी.

"ही उचला."

"चिप भरतेय. हलवू नकोस."

तिने पेटीच्या भोवतीने बदक, भात, बिअरचे डबे, बिस्किटं मांडली आणि रीतीप्रमाणे एकेका वस्तूत उदबत्ती खोचत गेली. जिच्यात उदबत्ती, ती वस्तू पाहुण्यांची. मग आपण हात लावायचा नाही.

शेजारचा चहावाला हसला. "वहिनी, पाहुण्यांना संगणकही वाढलात की."

पेटीच्या स्क्रूच्या भोकात उदबत्ती जळत होती. गुइ-फेन ओशाळली. "हात चालत होता, लक्ष कुठे होतं?" काढून घ्यावी तर पाहुण्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखं. राहू दिली.

उदबत्त्या विझल्यावर मी पेटी आत आणली. चिप तपासायची म्हणून डिस्क काढून घेतली, कीबोर्डही जोडला नाही. पडद्यावर 'डिस्क सापडत नाही' एवढं आलं की चिप शहाणी झाली, असा माझा साधा हिशोब. बटण दाबलं. हजेरी सुरू झाली. डिस्कपाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

मग पडदा निळा झाला. मधोमध नाव आलं, योंग-शुन. खाली पासवर्डची रिकामी चौकट.

डिस्क माझ्या हातात होती.

मी पेटीत पुन्हा पाहिलं. दुसरी डिस्क नाही, इंटरनेटची तार नाही. किल्ल्या घेतल्या होत्या कोणीतरी, आणि घेणारा पेटीत नव्हता.

चौकटीत ठिपके उमटू लागले. एकेक, सावकाश. सहा झाले. पासवर्ड चुकीचा. पुन्हा सहा. पुन्हा चुकीचा.

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण जास्त भीती मावशीची वाटली. या टेबलावर कोण जेवायला येतं ते आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तिला हे दिसता कामा नये. मी वायर उपटायला वाकलो, तोच ती दारात.

"झालं का रे?" म्हणाली, आणि पडद्याकडे बघत राहिली.

मी अडखळत सगळं सांगितलं. उदबत्तीसुद्धा. ती स्टुलावर बसली.

सहा ठिपके. चूक.

हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "हा माझा नव्हे. स्वतःचा पासवर्ड विसरायला तो काय म्हातारा झालाय? दुसऱ्याच कोणाचं लेकरू आहे बिचारं."

मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. "चहा मागवू का, मावशी?"

सहा ठिपके. चूक.

"आ-शेंग," ती म्हणाली, "तो गेल्यावर मी बदलला होता पासवर्ड. भाचे खेळत बसायचे म्हणून. त्याचा जुना सहा आकड्यांचा होता."

चहावाल्याला हाक मारायला उचललेला हात मी खाली घेतला.

"त्याला कुठून ठाऊक असणार?"

तिने स्टूल पुढे ओढलं, पेटीच्या जाळीपाशी तोंड नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शून्य."

एक ठिपका.

"नऊ."

आणखी एक.

ती सांगत गेली. ठिपके येत गेले. मग ती थांबली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"शेवटचा राहिला," ती जाळीला म्हणाली. "तो घरी येऊन विचार."

ठिपके तसेच राहिले. मग मागून पुढे एकेक पुसला गेला, आणि पंखा थांबला.

मी डिस्क बसवली, पेटी तिच्या ढकलगाडीवर बांधून दिली. ती बाहेर पडली, पण दार लगेच सोडलं नाही. मागून कोणी येत असलं की धरतात, तसं धरून उभी राहिली. जरा वेळाने बाजूला सरकली, आणि मग सोडलं.