नळाच्या पाण्यात मेलेली जोडी

आत्याबाईंना थोरल्या भाच्याची एक खोड कधीच खपली नव्हती. काय झालं हे सांगण्याआधी ते कुणी केलं हे सांगून तो मोकळा व्हायचा. शाळेत असताना पाटी फुटली की दाराबाहेरूनच ओरडत यायचा, "धाकट्यानं फोडली!" आता डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी खोड तशीच. त्या सकाळी तो चपला न काढताच आत शिरला आणि म्हणाला, "आत्या, धाकट्याच्या बायकोनं घात केला."

"आधी बूड टेक," आत्याबाई म्हणाल्या. "मग घात काय झाला ते सांग. कुणी केला ते मी बघते."

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या कंपाउंडरांनी चष्मा वर केला. कंपाउंडर म्हणजे आत्याबाईंचे यजमान. दवाखान्यात उभा जन्म औषधं कालवून निवृत्त झालेले, देवमाणूस. पण कुठलीही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला दोनदा दार वाजवावं लागे. आत्याबाई स्वतः शाळेत जेमतेम टिकल्या होत्या. पण अंगठी हरवली, मृत्युपत्र बदललं, जावई नाहीसा झाला, की लोक त्यांच्याकडेच धावत. फी त्या रोख घेत, आणि नातेवाइकांकडून दुप्पट, कारण नातेवाईक निम्मं खोटं बोलतात.

"डिस्कस माशांची जोडी मेली," थोरला म्हणाला. "नर, मादी, दोन्ही. तिनं टाकीत नळाचं पाणी ओतलं."

आत्याबाईंनी चपला पायात सरकवल्या. त्या घराची उद्या वाटणी व्हायची होती आणि मध्यस्थ त्याच होत्या. राहतं घर थोरल्याला, माशांचा पसारा आणि ती जोडी धाकट्याला, असं ठरलं होतं. धाकटा लांबच्या मार्गावर मालट्रक चालवायचा. तो उद्या पोचणार होता. मासे सांभाळायची त्याची बायको, धाकटी. जोडी गेली म्हणजे त्या दोघांच्या वाट्याला नुसत्या काचा आणि नळ्या उरणार होत्या.

"पिशवी घ्या हो," त्या कंपाउंडरांना म्हणाल्या. "आणि चष्मा पुसून घ्या. काल तुम्ही मांजराला उशी समजलात."

माशांची खोली घराच्या तळाला होती. पूर्वी तिथे गाडी उभी राहायची. आत पाऊल टाकलं की ऊब अंगाला चिकटे. भिंतीभर टाक्या, प्रत्येकीत बुडबुड्यांची बारीक कुरकुर, आणि दाराजवळ मोठं निळं पिंप. त्यात धाकटी नळाचं पाणी मुरवत ठेवायची, वाळकी पानं टाकून, हवा सोडून. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक उडून जाईपर्यंत त्यातला थेंबही माशांना लागू द्यायची नाही.

धाकटी एका टाकीपुढे स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले, पण हात कामातच होते.

"आत्याबाई, मी नळाचं पाणी नाही हो ओतलं! पिलं पोहायला लागल्यापासून मी या टाकीला हातही लावला नाही. काल दिवे घालवले तेव्हा जोडी ठणठणीत होती. सकाळी मी यायच्या आत मोठ्या भाऊजींनी दोघांना काढून कागदात गुंडाळलं होतं. मला तो कागद उघडवेना."

"रडायचं नंतर. आधी मला दाखव. काय, कुठे, कसं असतं ते."

धाकटीनं नाक पुसलं. "ही जोडीची टाकी, तिचं पाणी वेगळं. त्या वरच्या टाकीत याच जोडीची मागची पिलं आहेत, वाढ खुंटलेली सात. रंग आईबापाचाच, पण कुणी घेत नाही. मीच पोसते."

"आणि जोडी कशी होती?"

"नर दोन्ही पंजे जोडले तर मावेल एवढा. मादी जराशी लहान. आणि डोळा अंगाच्या मानानं अगदी बारीक. चांगला वाढलेला डिस्कस त्यावरूनच ओळखतात."

कंपाउंडर वाकून टाकीत बघत होते. "अगं, इथे तर काहीतरी वळवळतंय!"

खरंच. तपकिरी पाण्यात पापणीच्या केसाएवढी पिलं, पुंजकाच्या पुंजका, काळ्या स्पंजाभोवती घिरट्या घालत होती.

"आईबाप शोधताहेत," धाकटीचा आवाज फुटला. "काळं दिसेल त्याला बिलगतात. या जातीची पिलं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात, आत्याबाई. वरचं काही अजून खात नाहीत. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर यातलं एकही राहणार नाही."

आत्याबाईंनी पिलांकडे पाहिलं. मग पिंपाचं झाकण उचललं. पिंप अर्ध्याच्याही खाली होतं.

"हे रिकामं कुणी केलं?"

"काल तर काठोकाठ भरलं होतं," धाकटी गोंधळून म्हणाली.

"मी सांगतो ना!" दारातून थोरला कडाडला. "मुरवलेलं पाणी इकडे तिकडे वापरून टाकलं, आणि मग जोडीला नळाचं ओतलं. झाकायला आता रडतेय!"

"तू अंगणात चल," आत्याबाई म्हणाल्या. "प्रेतं दाखव."

अंगणात थोरल्यानं ओला कागद उलगडला. मासे काळवंडले होते. रंग उडालेला, पण पट्टे ओळखू येत होते. आत्याबाईंनी मोठा मासा कंपाउंडरांच्या तळहातावर ठेवला. तो तळहातावर आरामात मावला. बटणासारखा टपोरा डोळा आभाळाकडे बघत राहिला.

"कल्ले उघडा हो."

कंपाउंडरांनी नखानं कल्ला उचलला. "पांढुरके पडलेत. वर चिकट साका आहे. नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशकानं असंच भाजतं, खरं आहे."

"बघ!" थोरला म्हणाला. "आतोबासुद्धा तेच म्हणतात. आता तरी पटलं?"

"हे नळाच्या पाण्यानंच मेलेत, यात शंका नाही," आत्याबाई म्हणाल्या. थोरल्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "काल या खोलीत आणखी कोण आलं होतं?"

"काचवाला. खालची टाकी गळत होती, ती सांधायला. पण तो घरचाच माणूस."

घरचा माणूस रस्त्यापलीकडेच होता, दुकानात काच कापत. त्याला जोडी हवी होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाईंनी तेच तोंडावर फेकलं.

"हवी होतीच," काचवाला म्हणाला. "चार वेळा मागितली, चार वेळा वहिनींनी हाकललं. म्हणून मारीन होय? मेलेली जोडी भिंतीला टांगू?"

"काच सांधायला तू लावतोस त्या सिलिकॉनला वास येतो. त्यानं मासे मरतात म्हणे."

"पाण्यात गेलं तर मरतात. पण मावशी, माझ्या हातून तसं झालं असतं तर आधी पिलं आडवी झाली असती. मोठे मासे सगळ्यात शेवटी. पाण्यात जरा काही बिघडलं की हाच क्रम. हवं तर वहिनींना विचारा."

"विचारायची गरज नाही. पण तू दुपारी हत्यारं घेऊन तिकडे ये."

"मी? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस म्हणूनच बोलावतेय."

परत आल्यावर आत्याबाई वरच्या मजल्यावर गेल्या. थोरल्याची बायको, थोरली, जिन्यातच भेटली. खांद्यावर टॉवेल, ओले केस, कपाळावर आठी.

"मला नका विचारू त्या माशांचं," ती म्हणाली. "मरोत नाही तर तरोत. घरभर नळ्या, घरभर वास. आणि आता हे! कालपासून वरचं न्हाणीघर बंद. नळ गळतोय म्हणून ह्यांनी कुलूप घातलंय. आंघोळीला मला त्या धाकटीच्या न्हाणीत जावं लागतं."

"नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं का?"

"वाटणी झाल्यावर बघू, म्हणतात."

कंपाउंडर तेवढ्यात दोन पावलं पुढे जाऊन मागे फिरले, शरमून. "अगं, आत कुणीतरी आंघोळ करतंय वाटतं. दारावरच्या काचेवर वाफ धरलीय."

"कसली आंघोळ, आतोबा! कुलूप दिसत नाही का? किल्ली ह्यांच्या खिशात."

"तुमचा चष्मा पुसलात ना सकाळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुसला गं. शपथ."

"मग ठीक."

खाली येऊन कंपाउंडर टाक्यांपुढे रेंगाळले. धाकटीनं दिलेलं चिमूटभर खाद्य त्यांनी वरच्या टाकीत सोडलं. "बिचारी ही पाच," ते म्हणाले. "कुणी विकत घेईना, पण बोटामागे कशी येतात बघ."

आत्याबाईंनी त्या टाकीकडे एकदा नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच खुर्ची मागितली.

दुपारी माशांच्या खोलीत सगळे जमले. थोरला हाताची घडी घालून, थोरली दाराशी, काचवाला हत्यारांची पेटी घेऊन. धाकटी स्टुलावरच. पिलांचा पुंजका सकाळपेक्षा विरळ दिसत होता. काही तळाशी टेकली होती.

"आत्या, लवकर आटप," थोरला म्हणाला. "झालं ते झालं. वाटणीत तेवढी नोंद करू, की नुकसान तिच्या हातून झालं."

"नोंद होईल. आधी हिशोब ऐक." आत्याबाईंनी ओला कागद टेबलावर ठेवला. "हे दोन मासे नळाच्या पाण्यानं मेले. तू म्हणालास, तुझे आतोबा म्हणाले, मीही म्हणते. आता मला एवढंच सांग. त्याच टाकीत, त्याच पाण्यात केसाएवढी पिलं होती. ज्या पाण्यानं मोठ्यांचे कल्ले भाजले, त्या पाण्यात पिलं जिवंत कशी?"

काचवाल्यानं हळूच मान हलवली.

"म्हणजे टाकीत नळाचं पाणी पडलंच नाही. हे मासे दुसरीकडे मेले आणि मेल्यावर इथे आले."

"अगं, पण जोडी तर इथेच होती," कंपाउंडर म्हणाले.

"जोडी इथे होती. हे दोघं कोण, ते बघा. धाकटे, आता तोंड फिरवू नकोस. उघड तो कागद."

धाकटीनं कागद बाजूला केला. बघता बघता तिचे डोळे विस्फारले. "हा माझा नर नाही! हा तर एवढासा... आणि डोळा केवढा मोठा! आत्याबाई, ही खुंटलेली पिलं आहेत!"

"सकाळी तू सात म्हणालीस. तुझ्या आतोबांनी पाच मोजली. त्यांच्या चष्म्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण आज त्यांना दोनदा बरोबर दिसलं." कंपाउंडर लाजून खाली बघू लागले. "आईबापाचाच रंग, तेच पट्टे. मेल्यावर काळवंडले की दिवा लागायच्या आत कोण ओळखणार? आणि ओळखणारीच्या हाती पडायच्या आत कागदात गुंडाळले की काम झालं."

"म्हणजे जोडी चोरीला गेली!" थोरला काचवाल्याकडे वळला. "हा काल इथे एकटा होता!"

"लागला बोट दाखवायला," आत्याबाई म्हणाल्या. "चोर बाहेरचा असता तर पिशवीत मासे भरून पसार झाला असता. मागे मेलेले मासे ठेवायची उठाठेव त्याला कशाला? जोडी मेली असं ज्याला दाखवायचं होतं, त्यानंच हे केलं. आणि बाहेरच्यानं अर्धं पिंप पाणी खांद्यावर नेलं असतं का? ते बादल्या बादल्यांनी गेलं. म्हणजे जवळच गेलं. जोडीला जगवायचं तर तिच्या सवयीचं पाणी हवं आणि ऊब हवी. कालपासून बंद असलेल्या न्हाणीघरात कुणी आंघोळ करत नाही, तरी दारावरच्या काचेवर वाफ कशी?"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो?"

"नळ गळतोय," थोरला म्हणाला. हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"तुझी किल्ली तुझ्याजवळ ठेव. काचवाल्या, दारावरची ती काच काढायला तुला किती वेळ लागेल?"

"चहा उकळायच्या आत, मावशी."

काच निघाली तशी आतून ऊब बाहेर आली. टबमध्ये तपकिरी पाणी, कडेला पाणी तापवायची नळी, आणि तळाशी एकमेकांना चिकटून दोन मोठे, गोल, घाबरलेले मासे. धाकटीनं ओठ घट्ट मिटले आणि बादली आणायला धावली.

खाली टाकीत जोडी सोडताना तिचे हात थांबले. "बिथरलेले आईबाप पिलं खातातसुद्धा, आत्याबाई."

"सोड. नाही सोडलंस तरी ती मरणारच आहेत."

जोडी पाण्यात उतरली आणि कोपऱ्यात दबून राहिली. बराच वेळ काहीच घडेना. मग नराच्या अंगावर हळूहळू काळी छटा चढली. स्पंजापासून एक पिलू सुटलं, दुसरं सुटलं. बघता बघता सगळा पुंजका त्याच्या कुशीला जाऊन चिकटला. तळाशी टेकलेल्यांपैकी काही उठली. काही उठली नाहीत.

धाकटी आवाज न करता रडू लागली. थोरली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिथून हलली नाही.

"मारली तर नाही ना मी जोडी," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "वडिलांनी आणली होती ती. थोरला मी. माझा काहीच हक्क नाही? पुन्हा अंडी घातलीच असती त्यांनी. पिलं काय, दर वेळी होतात."

आत्याबाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मान वर करून बोलावं लागलं, पण वाटलं की तोच खाली उभा आहे.

"हक्क सांगायला आला असतास तर मी ऐकलं असतं, थोरल्या. भांडला असतास तरी ऐकलं असतं. पण तू दोन जीव नळाखाली धरून मारलेस, ही एवढी पिलं उपाशी तडफडायला ठेवलीस, आणि सगळं या पोरीच्या अंगावर ढकललंस. उद्या धाकटा आला की हे तू सांगायचंस, याच खोलीत, तिच्यासमोर, आणि मी बसून ऐकणार. घर ठरल्याप्रमाणे तुलाच मिळेल. शब्द दिलाय तो मी फिरवत नाही. पण आजपासून मी तुझ्याकडे आले तर मध्यस्थ म्हणून येईन, फी घेऊन. आत्या म्हणून नाही."