डोहातल्या दोन बाटल्या

तुडीलच्या डोहाशी पोचेपर्यंत चारुशीलाचं डोकं तापलं होतं. एप्रिलचं ऊन, खड्ड्यांचा रस्ता आणि निघताना आईने ऐकवलेलं नेहमीचं वाक्य, "आमोद दिसला तर जेवायला घेऊन ये."

आमोद तिचा धाकटा भाऊ. महाडच्या एका खाजगी प्रयोगशाळेसाठी नदीच्या पाण्याचे नमुने आणायचा. गेल्या जूनमध्ये याच डोहात उतरला, तो वर आलाच नाही. काठावर चपला सापडल्या, नमुन्यांची पेटी सापडली, तो नाही. आई त्याचे दिवस करू देईना. रोज त्याचं ताट वाढायची. चारुशीला त्याच प्रयोगशाळेत होती, आता नमुनेही तीच आणायची. भाऊ गेला हे तिने स्वीकारलं होतं. आईनेही एकदाचं स्वीकारावं, एवढंच तिला हवं होतं. त्या वाढलेल्या ताटासमोर तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

डोहावर हिरवा तवंग होता आणि कुजका वास. वरून घाण वाहून येते, तिच्यावर शेवाळ माजतं, मरतं, आणि कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. कडेला दोन-चार मासे पोट वर करून पडले होते.

तिने बाटली बुडवली आणि काचेचं बूच पाण्याखालीच बसवलं. आमोदनेच शिकवलं होतं. "ताई, आत बुडबुडा राहिला की सगळं फुकट."

"असं नको करू गो," मागून आवाज आला. म्हैस धुवायला आलेली जानकीबाई होती.

"काय नको करू?"

"डोहात भांड्याचं तोंड बंद करू नये. आमी हंडा बी उघडाच वर काढतो."

"का?"

"आत कोन आला आसंल तर भायेर कसा येल?"

"आजी, यात मासासुद्धा जगत नाही," चारुशीला तुटकपणे म्हणाली आणि दुसरी बाटलीही तशीच भरली.

पहिल्या बाटलीत तिने काठावरच तपासणीची औषधं घातली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढरा. गाळ चुन्यासारखा पांढराशुभ्र बसला. मेलेलं पाणी. जानकीबाई म्हशीला घेऊन निघून गेली.

दुसरी बाटली रीतीप्रमाणे पाच दिवस प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या कपाटात राहिली. अंधारात प्राणवायू कमीच होतो, वाढत नाही. इथे तर कमी व्हायलाही काही उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी तिने ती बाहेर काढली. बुचाखाली मुगाएवढा बुडबुडा होता.

आपलीच चूक, ती चरफडली. मग तिने बाटली उजेडात धरली.

बुडबुडा मोठा होत होता. मग लहान. पुन्हा मोठा. सावकाश, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा.

उकाड्याने होत असेल. तिने बाटली टेबलावर ठेवली, पंखा बंद केला. बुडबुडा हलतच राहिला. तिला भीती वाटली आणि त्या भीतीचा रागही आला. बूच काढून तिने औषधं घातली, पुन्हा घट्ट बसवलं.

गाळ गर्द तपकिरी बसला. डोंगरातल्या वाहत्या ओढ्याच्या पाण्यात बसतो तसा.

बुचाखाली बुडबुडा परत आला होता.

यापुढे आम्ल घालायचं, म्हणजे गाळ विरघळतो आणि प्राणवायूचा आकडा काढता येतो. तिचा हात थबकला. जानकीबाईचं बोलणं आठवलं. मग तिने स्वतःलाच दटावलं आणि आम्ल सोडलं, बूच लावलं.

बुडबुडा फडफडला. भराभर, भराभर.

मग थांबला.

चारुशीलाने आकडा काढलाच नाही. बाटली तशीच टाकून ती घरी आली.

दार उघडं होतं. आई स्वयंपाकघरात वाटीत तूप-साखर कालवत होती.

"कुणाला गं?"

"आमोदला. घसा जळतोय म्हणतो." आईने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता. "काय पाजलंस तू त्याला?"

आई वाटी घेऊन आतल्या खोलीत गेली.

परत आली तेव्हा वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती, आणि बाहेरून हिरवट पाण्याने ओली.