नोटिशीचा खर्च

सोसायटीच्या ऑफिसला कुलूप होतं. बाहेरच्या बाकड्यावर एक जण मांडीवर फाइल घेऊन डुलक्या काढत होता. ती त्याच्या शेजारी धप्पकन बसली. हॉस्पिटलमधली नर्सची पाळी संपवून ती थेट इथे आली होती. पाय नुसते भरून आले होते.

"तुमचंही भांडण आहे?" तिने विचारलं.

"म्हटलं तर आहे." तो डोळे चोळत म्हणाला. "तुमचं?"

मग तिला राहवेना. आई अंथरुणाला खिळली, औषधपाण्यात मेंटेनन्स थकला. "थकलाय तो भरते. उशिराचा दंडही भरते. पण वकिलाच्या नोटिशीचा खर्चसुद्धा माझ्याच माथी? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला... त्या वकिलाने काय सोन्याच्या शाईने लिहिलं होतं, कोण जाणे."

"साधाच प्रिंटर होता," तो म्हणाला. "तो वकील मीच."

चिडायला हवं होतं. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं. "मग सरका तिकडे," ती म्हणाली. "शत्रूच्या इतकं जवळ नाही बसत मी."

तो निमूटपणे सरकला, तशी बाकड्याची ती बाजू खचली आणि ती घसरत पुन्हा त्याच्याजवळ आली. दोघांनाही हसू आवरेना.

अध्यक्ष त्या दिवशी आलेच नाहीत. पुढच्या दोन तारखाही अशाच गेल्या. दर वेळी बाकड्यावर हे दोघंच.

"प्रकरणाबद्दल बोलू नका," तो बजावायचा. "मी तिकडच्या बाजूचा."

"मग पावसाबद्दल बोला."

"पडतोय."

"वकिली चांगली चालत असेल तुमची..."

तो आईची चौकशी मात्र न चुकता करायचा. दिवसभर दुसऱ्यांची विचारपूस करणाऱ्या तिला, आपल्याला कुणी विचारतंय याचीच सवय नव्हती.

अखेर समितीची बैठक झाली. तिने उभं राहून एकच विचारलं, "नोटीस धाडण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यायचा नियम आहे ना? मला बोलावलं होतंत?"

अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "नव्हतं बोलावलं. हा खर्च त्यांच्यावर टाकता येणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

खर्च रद्द झाला. दंड राहिला; तो तिने हप्त्यांनी भरायचं कबूल केलं. आणि अध्यक्षांनी त्याच बैठकीत सोसायटीचं काम दुसऱ्या वकिलाकडे दिलं.

तिने त्याला जिन्यात गाठलं. "माझ्यासाठी बोललात?"

"नाही. खरं होतं म्हणून." तो थांबला. "तुमच्यासाठी बोलतोय असं वाटू नये, म्हणून तर तुमच्याकडे बघितलं नाही. फार जड गेलं ते... आता मी तिकडचा नाही. घरी आलो तर चालेल?"

"आई उठू शकत नाही. बेल वाजवून मी येईपर्यंत ताटकळावं लागेल."

"ताटकळेन."

"मी दमलेली असते. धड बोलणारही नाही."

"नका बोलू."

तिने कठड्याला पाठ टेकली. किती महिन्यांनी कुणीतरी तिच्याकडे काहीच मागत नव्हतं.

"मग ये," ती म्हणाली. 'या' म्हणायचं होतं; पण चूक दुरुस्त करावीशी तिला वाटली नाही.