वेग, वेळ आणि बेनेडिक्ट

मे महिन्यातल्या भर दुपारी तो स्वेटर आणि माकडटोपी घालून दारातून बाहेर आला, आणि अनुपमाला हसू आवरेना.

"बरं नाहीये का तुम्हाला?"

"आत जाऊन ये, मग सांग," तो म्हणाला. "आणि चपला इथेच काढ. मशीनला धूळ चालत नाही. माणसं गारठली तरी चालतात."

साल सत्याऐंशी. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-वसाहतीतली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी, आणि अनुपमा राणेचा तिथला पहिला दिवस. कॉम्प्युटर रूमचा एसी असा काही सोडलेला होता, की ती बाहेर आली तेव्हा बोटं वाकत नव्हती. तो अजून दारातच उभा होता. त्याने स्वेटर काढला आणि तिच्या हातात दिला.

"बेनेडिक्ट परेरा. मरोळ गावठाण. बेनी म्हण."

"अनुपमा. घाटकोपर," ती म्हणाली. स्वेटर अजून उबदार होता… घालताना ती उगाचच लाजली.

काम होतं सलाइन सोडणाऱ्या एका यंत्राचं. परदेशातल्या हॉस्पिटलांमध्ये ते बसणार, आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम इथे लिहिला जाणार. त्यातलं थेंब सोडायचं मुख्य फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, बेनीचं. त्याला दोन आकडे द्यायचे – आधी वेग, म्हणजे मिनिटाला किती थेंब. मग वेळ, म्हणजे किती मिनिटं. फंक्शनला हाक मारायची ओळ, म्हणजे कॉल, लिहिताना बाकीचे सगळे त्या क्रमाने नुसते आकडे लिहून मोकळे व्हायचे. अनुपमा मात्र प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव घालायची. वेग वीस, वेळ साठ. ही सोय त्या भाषेतच होती, फक्त कोणी वापरत नव्हतं.

"एवढं टाइप करून बोटं दुखत नाहीत तुझी?" बेनी तिच्या खुर्चीमागे येऊन विचारायचा.

"मग काय, पहिला कुठला नि दुसरा कुठला, हे विचारत तुझ्या मागे फिरू?"

"फिर ना… मी कुठे नको म्हणतोय?"

ती स्क्रीनकडे बघत राहायची. त्या गारठ्यातही कान गरम व्हायचे.

गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून तिचे बाबा एका सोसायटीत वॉचमन होते. तिचा पगार घराला हवा होता आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. म्हणून ती जपून वागायची, जपून हसायची. त्यातच कळलं, बेनीची परदेशी जायला निवड झालीये, सहा महिन्यांसाठी. कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. अनुपमानेही "झकास!" म्हटलं, आणि चहा अर्धाच ठेवून उठली.

जायच्या घाईत बेनीने एक बदल केला. ग्राहकाच्या कागदांत आधी वेळ आणि मग वेग असायचा, म्हणून त्याने फंक्शनमधला क्रमही तसाच फिरवला. मशीनने तक्रार केली नाही. त्याच्या लेखी दोन्ही नुसते आकडेच.

आठवड्याभरात ग्राहकाचा माणूस यंत्र बघायला आला. सलाइनऐवजी लाल पाणी भरलं होतं. ते तासभर सावकाश टपकायला हवं होतं… पण थेंबामागून थेंब भराभर पडायला लागले. पाहुण्याने घड्याळ बघितलं, मग भांड्याकडे, मग सगळ्यांकडे.

"राणे!" श्यामसुंदर सर वळले. सगळ्या टीमचे साहेब तेच. "नवीन माणसाला द्यायचं कामच नव्हतं हे. काय लिहिलंयत तुम्ही?"

अनुपमाच्या डोळ्यांपुढे बाबांचा खाकी शर्ट आला.

बेनी प्रिंटआउट उलगडून बघत होता. एका जागी त्याचं बोट थांबलं. तो कॉल त्यानेच लिहिला होता. नुसते आकडे, जुन्याच क्रमाने.

"सर, तिचं सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "तिने नावं दिलीयेत. क्रम फिरला तरी तिचा वेग वेगच राहतो. क्रम मी फिरवला, बाकीच्यांचे कॉल बदलले, आणि माझाच बदलायचा राहिला. चूक माझी आहे."

"आणि तू परदेशात जाणार होतास?" सर एवढंच म्हणाले.

त्याच्या जागी टीममधली नलिनी गेली. बेनीला काम मिळालं – सबंध प्रोग्रॅममधल्या प्रत्येक कॉलला नावं घालायची. अनुपमा न सांगता त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. ती वाचायची, तो टाइप करायचा. मध्येच तो थबकला की ती म्हणायची, "वेग, रे!" आणि तो म्हणायचा, "ऐकलं मी… परत म्हण."

ऑक्टोबरात गावठाणात आगेरा होता, नव्या भाताचा सण. बेनीच्या आईने तिलाही बोलावलं होतं. चर्चमध्ये कणसांना आशीर्वाद मिळाले, मग अंगणात जेवणं झाली. हात धुऊन दोघं घरामागच्या शेताच्या बांधावर आले. कापलेल्या भाताचा ओला वास होता, आणि पलीकडे कारखान्यांच्या भिंती.

"एक सांगू?" अनुपमा म्हणाली. "तुझं जाणं हुकलं ना… मला फार वाईट वाटलं. आणि आनंदही झाला. इतका, की माझी मलाच लाज वाटली."

बेनी हसला नाही. "मग मीही सांगतो. मला वाटलं होतं, विमान चुकल्याचं दुःख होईल. पण दुसऱ्या दिवशी तू शेजारी येऊन बसलीस, आणि… अनुपमा, मला तू हवी आहेस. रोज शेजारी. पण तुझ्या घरी – मी ख्रिश्चन, म्हणजे –"

"बाबांना काल सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुझं नाव."

"मग?"

"आईने डोळ्याला पदर लावला. मग बाबांनी विचारलं, परक्या पाहुण्यासमोर जो खरं बोलला, तो हाच का? मी हो म्हटलं."

"आणि?"

"म्हणाले, रविवारी घेऊन ये. बाजारातून येताना बांगडे आण म्हणावं. साफ करता येतात का बघू."

बेनीने दीर्घ श्वास सोडला. मग हळूच तिचा हात हातात घेतला.

"बांगडे की सुरमई, नाव नीट विचारून घे हां," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सासऱ्याला नाराज नको करायला."

आणि अनुपमा इतक्या मोठ्याने हसली, की अंगणातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.