अकरा वेळा नाही

उधन्याच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात सुषमाची गाठ खरं तर भाईदासशेठशी पडायची. पण ती पोचली तेव्हा शेठ जेवायला गेले होते. काउंटरवर होता वाल्मिक – खिशात स्क्रूड्रायव्हर, डोळ्यांत उगाचच हसू.

"हे व्हिडिओ कार्ड लिनक्सवर चालेल?" तिनं विचारलं.

"चालशे, बेन!" तो गुजरातीत म्हणाला. म्हणजे चालेल, ताई.

तिनं विश्वास ठेवला आणि फसली.

नवागामात मंडळाच्या खोलीत तिला कारागिरांच्या मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता. विंडोज विकत घ्यायची ऐपत नव्हती, चोरीची घालायला मन धजत नव्हतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीत लिनक्स फुकट मिळाली, पण ती मेली भलतीच नखरेल! अमुक कार्ड चालतं, तमुक चालत नाही, म्हणून यादी हातात घेऊन फिरायचं. सोमवारी मशीन सुरू झालं नाही तर मंडळ खोली काढून घेणार आणि सुषमा पुन्हा आईशेजारी बसून साड्यांचे धागे कापणार.

पहिल्या कार्डानं पडदा काळा ठेवला. दुसऱ्या कार्डालाही तो "चालशे" म्हणाला होता. त्या कार्डानं नुसत्या रेघा दाखवल्या. शुक्रवारी तिनं कार्डाचा डबा काउंटरवर आदळला आणि संतापात घरची बोली बाहेर पडली.

"मी काय येडी शे का?"

वाल्मिकचा चेहरा खुलला. "अहिराणी! तुमनं गाव कोठलं? मी पारोळाना..."

"गाव गेलं खड्ड्यात! डब्यावर यादीतलंच नाव आहे, मग चालत का नाही?"

"नाव तेच आहे, पण कंपनीनं आतली चिप बदललीय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. दुसऱ्यांदा... शंका होती."

"मग नाही म्हणायला जीभ झडली होती?"

तो काउंटरची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती. "नाही म्हटलं असतं – तर तुम्ही दुसऱ्या दुकानात गेल्या असत्या."

सुषमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रागानं की कशानं, ते तिलाही कळेना, आणि त्याचा आणखीच राग आला.

"चालशे म्हणजे चालतं नव्हे, चालवून घ्या! माझा सोमवार कोण चालवून घेणार?"

यादी तिथंच टाकून ती तरातरा निघून गेली.

शनिवारी दुपारी सायकल हाकत तो नवागामात मंडळाच्या खोलीपाशी आला. शर्टाला गोदामाची धूळ, हातात तिची यादी. दुकानातला एकूणएक डबा फोडून त्यानं चिपा पाहिल्या होत्या आणि शेठच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. प्रत्येक कार्डापुढे लिहिलं होतं, 'नाही'. अकरा वेळा. खाली दुसऱ्याच एका दुकानाचा पत्ता होता. 'इथं आहे. चिप डोळ्यांनी पाहिली.'

"आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "तिकडेच जा." आणि आत न येता सायकल वळवून गेला. आज त्यानं एकदाही 'बेन' म्हटलं नव्हतं, हे तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

सोमवारी पडदा उजळला. सहा मुलींनी टाळ्या पिटल्या. सुषमाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच चिडचिड सुरू झाली. मशीन चालतंय म्हणजे आता त्या दुकानात जायला निमित्तच उरलं नाही! निमित्त शोधण्यात एक अख्खा दिवस वाया घालवून बुधवारी ती तशीच गेली.

तिला पाहून वाल्मिकचा चेहरा पडला. "आता काय बिघडलं?"

"काहीच नाही. रविवारी डिंडोलीला आमच्या घरी या. माझ्या वडलांना सांगितलंय, कॉम्प्युटरवाला येणार आहे."

"घरीपण कॉम्प्युटर आहे?"

"नाही."

"मग मी तपासू काय?"

सुषमानं कपाळावर हात मारला. देवानं या माणसाला चिपा ओळखायची नजर दिली आणि बाकी सगळं विसरला!

"अहो, मला तुम्ही आवडता! म्हणून बोलावतेय."

वाल्मिक पुन्हा काउंटरची काच पुसू लागला. वाट्टेल त्या गिऱ्हाइकाला क्षणात होकार देणारा गडी, आणि आता नेमकी दातखीळ! ती वाट पाहत राहिली. बाहेर रिक्षावाले बोंबलत होते.

शेवटी आतून भाईदासशेठच ओरडले, "अल्या, हा पाड ने!" अरे, हो म्हण ना!